नॉर्वेची लोकर, धुळ्याची थंडी

"काय व माय, इतली दूर गई नि लोकरच लई उनी का?"

पलंगावर मांडलेल्या सामानाकडे बघत शेजारच्या आजी म्हणाल्या आणि मला हसावे की रडावे ते कळेना. बाहेर जळगावचे जूनच्या पहिल्या आठवड्यातले ऊन. पावसाचा पत्ता नाही, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि पलंगावर माझी परदेशवारीची कमाई: लोकरीचे सात गुंडे. चार पांढरे, दोन कोळशाच्या रंगाचे, एक लालचुटुक. नुसता हात लावला तरी घाम फुटावा अशी वस्तू! आजींना चॉकलेटे दिली, मुलाने तिकडच्या बर्फाचे फोटो दाखवले, पण त्यांची नजर काही त्या गुंड्यांवरून हटली नाही. "आठे कोन घालई हाई?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि खरे सांगायचे तर त्याचे उत्तर माझ्यापाशीही नव्हते.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी काश्मीर-मनालीला किंवा आणखी दूर जाऊन आल्या असाल, तर तुमच्याही कपाटात असे एक-दोन गुंडे नक्की असतील. दुकानात ते हातात घेतल्यावर ठेववत नाहीत. घरी आणल्यावर मात्र 'काहीतरी खास करू' म्हणून जे आत जातात ते कसर लागेपर्यंत बाहेर येत नाहीत. माझ्या त्या सात गुंड्यांचे काय झाले, कुठे चुकले, कुठे साधले, ते आज तुम्हांला सांगणार आहे. विणकामाच्या काही गोष्टी ओघात येतीलच, पण आधी थोडी सहल.

२०२४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे हे, मी आणि सहावीत जाणारा मुलगा, माझ्या नणंदेकडे ऑस्लोला गेलो होतो. राहण्या-जेवण्याचा खर्च नव्हता म्हणूनच हे जमले. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, तेव्हा परदेशाच्या सहलीचा आकडा आमच्या वहीत एरवी मावलाच नसता. नणंदेसाठी कळण्याच्या भाकरीचे पीठ आणि भरताचा मसाला नेला होता. निघालो त्या दिवशी जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे. ऑस्लोला उतरलो तर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि आम्ही तिघे मुंबईहून नेलेल्या शाली पांघरून!

तिथल्या उन्हाळ्याची खरी गंमत थंडीत नाही, उजेडात आहे. रात्री साडेदहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पहाटे चारला पुन्हा हजर. मधल्या वेळातही मिट्ट काळोख असा होतच नाही. पहिल्या रात्री मला झोप लागेना म्हणून गॅलरीत आले, तर पलीकडच्या गॅलरीत एक बाई दिवा न लावता विणत बसलेल्या. रात्रीचे दहा वाजून गेलेले! त्यांनी मान हलवून ओळख दाखवली आणि सुया तशाच चालू ठेवल्या. त्या क्षणी मला धुळ्याची माझी आई आठवली. आई अशीच विणायची, बोलता बोलता, हाताकडे न बघता. आता नाही विणत. तिच्या बोटांना संधिवाताने धरले आहे.

तेव्हाच मनाशी ठरवले की इथून लोकर न्यायची आणि आईसाठी काहीतरी करायचे.

ऑस्लोहून बर्गेनला आगगाडीने सुमारे सात तास लागतात. हा लोहमार्ग १९०९ साली सुरू झाला. वाटेत फिन्से नावाचे स्टेशन आहे, उंची १,२२२ मीटर. म्हणजे आपल्या तोरणमाळपेक्षा जेमतेम थोडे उंच आणि महाबळेश्वरपेक्षा चक्क कमी. पण मे महिना संपत आला तरी फलाटाच्या कडेला बर्फाचे ढीग! मुलगा तर खिडकीला नाक लावून बसला. माझे लक्ष मात्र समोरच्या बाकावर. तिथे कॉलेजच्या वयाचा एक मुलगा पायमोजा विणत होता. कुणी त्याच्याकडे वळून बघत नव्हते. नणंद म्हणाली, "वहिनी, यात काय नवल? इथे शाळेत मुलगे-मुली दोघांनाही हस्तकला असते." शेजारच्या स्वीडनमध्येही हस्तव्यवसाय हा सक्तीचा विषय आहे, मुलग्यांनाही. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना टाके शिकवायचे आणि मुलग्यांना मैदानात सोडायचे, ही रीत मी वर्षानुवर्षे बिनतक्रार पाळत आले होते. परत आल्यावर मोडली. त्याची हकिगत पुन्हा कधीतरी.

बर्गेनला पाऊस. तिथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो म्हणे, आणि आमच्या वाट्याला त्यांतले दोन आले. बंदराकाठी ब्रुगेन नावाची जुन्या लाकडी घरांची रांग आहे. १७०२च्या आगीनंतर जुन्याच धर्तीवर ती पुन्हा बांधली गेली. जगभरचे लोक ती बघायला येतात. आम्हीही पाहिली. पण पाऊस वाढला म्हणून मागच्या गल्लीत एका दुकानात शिरलो आणि माझी सहल तिथेच सार्थकी लागली. ते लोकरीचे दुकान होते.

काय सांगू तुम्हांला! छतापर्यंत फळ्या, त्यावर रंगांच्या उतरंडी. आणि वास! आपल्याकडच्या ॲक्रिलिकला वास नसतो. हा मेंढीचा वास होता, किंचित तेलकट, ओल्या कांबळ्यासारखा. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांच्या सुया थांबत नव्हत्या. आपण बहुतेकजणी धागा उजव्या हातात धरून सुईवर टाकतो ना, तिथे तो डाव्या बोटावर धरतात आणि उजव्या सुईने नुसता उचलतात. त्यामुळे हात फारसा हलतच नाही. मी त्यांना माझी पद्धत दाखवली तर त्या कौतुकाने हसल्या. नणंद दुभाषी.

त्यांनी एक जुना स्वेटर काढून दाखवला. काळ्यावर पांढरे बारीक ठिपके. त्याला नॉर्वेजियन भाषेत 'लुसेकोफ्ते' म्हणतात. 'लुस' म्हणजे ऊ! उवांचा कोट! सेतेसदाल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचा हा वेष. नाव असे असले तरी तो समारंभातसुद्धा घालतात. दुसरा होता हातमोज्यांचा जोड, त्यावर आठ पाकळ्यांचे फूल. ते बघताच मी म्हटले, "अगं, ही तर आपली रांगोळी!" या फुलाला सेल्बूचा गुलाब म्हणतात. सेल्बू गावच्या मारित एमस्ताद नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने १८५७ साली दोन रंगांत असे हातमोजे विणले, ती आणि तिच्या बहिणी ते घालून चर्चला गेल्या, आणि बघता बघता सगळे गाव तसेच विणू लागले. मग परगाव, मग परदेश. एका मुलीच्या हातमोज्यावरून गावाचा धंदा उभा राहिला.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती शिक्षिका म्हणून मला फार भावली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. तेव्हा लोक मुद्दाम विणलेल्या लाल टोप्या घालून हिंडत, निषेध म्हणून. शेवटी १९४२च्या फेब्रुवारीत त्या टोप्यांवर बंदी घालावी लागली. लोकरीच्या टोपीची सरकारला भीती! माझी आई १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी धुळ्यात प्राथमिक शाळेत होती. त्या हिवाळ्यात देशभर बायका-मुलींनी जवानांसाठी विणकाम केले. आईने केलेली पहिली वस्तू म्हणजे त्या वेळचा मफलर. वाकडातिकडा, पण गेला तो सीमेवर, असे ती अजून अभिमानाने सांगते. माझ्या गुंड्यांतला लाल गुंडा या दोन आठवणींपोटी घेतलेला.

घेतलेली लोकर राउमाची, तीन पदरी. ही गिरणी १९२७ सालची. ५० ग्रॅमचा गुंडा, त्यात सुमारे १०५ मीटर धागा. एकेक गुंडा पाचशे रुपयांच्या घरात गेला आणि साडेतीन मिलिमीटरची गोल सुई वेगळी. सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास. दुकानाबाहेर आल्यावर हे काही बोलले नाहीत. रात्री मात्र हळूच म्हणाले, "फुले मार्केटात एवढ्या पैशांत अख्ख्या घराचे स्वेटर आले असते." खरेच होते ते. पैसे माझ्या मानधनातले होते, तरी मन खट्टू झालेच. तुम्हांला माहीत आहे हा अनुभव. स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी काही घेतले की आपल्याच मनात हिशेबनीस जागा होतो.

परत येताना नणंदेने एक शब्द शिकवला. नॉर्वेजियनमध्ये लोकरीला 'उल' म्हणतात. इंग्रजीतला 'वूल' आणि संस्कृतातली 'ऊर्णा' ही सगळी एकाच मुळाची भावंडे. हिंदीत त्याच ऊर्णेचे 'ऊन' झाले. आपल्या मराठीतल्या ऊनचा मात्र उगम वेगळा, तो 'उष्ण'मधून आलेला. खानदेशातल्या माणसाला ऊन म्हटले की काय आठवणार ते सांगायला नकोच!

असो. आता चुकांकडे वळू. माझ्याकडून तीन झाल्या.

पहिली चूक दुकानातच झाली होती. आठवणीची लोकर घेताना आपण 'थोडी-थोडी सगळ्या रंगांची' घेतो आणि मग कशालाच पुरत नाही. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अशी लोकर पाचशे-सहाशे ग्रॅम लागते. बिनबाह्यांच्या बंडीला अडीचशे ते तीनशे. टोपीला नव्वदपर्यंत. माझ्याकडे सगळी मिळून साडेतीनशे, तीही तीन रंगांत. जिथे पुन्हा जाणे नाही तिथली लोकर घेताना आधी वस्तू ठरवा, मग एक गुंडा जास्तीचा घ्या, आणि सगळ्या गुंड्यांच्या चिठ्ठीवर रंगाच्या घाण्याचा नंबर एकच आहे ना ते पाहा. वेगळ्या घाण्यातला पांढरासुद्धा विणल्यावर वेगळा दिसतो.

दुसरी चूक घाईची. नोव्हेंबरात जरा गारवा पडला तेव्हा म्हटले, आईच्या बंडीआधी हात बसावा म्हणून मुलाला टोपी विणू, आठ पाकळ्यांच्या फुलाची. नमुन्याचा तुकडा न विणता थेट टाके घातले. आता सुयांचे नंबर बघा. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर जो नंबर असतो तो वाढत गेला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे पावणेचार, १० म्हणजे सव्वातीन, ११ म्हणजे ३. परदेशी चिठ्ठीवर मात्र सरळ मिलिमीटर लिहिलेले असतात. साडेतीनच्या सुईला आपल्याकडे नंबरच नाही. ती ९ आणि १०च्या मधली. मला वाटले, गोल सुई आणली आहे म्हणजे झाले. पण माझा हात घट्ट. चिठ्ठीवर दहा सेंटिमीटरला २२ टाके लिहिलेले, माझे पडत होते २५. शिवाय दोन रंगांच्या विणीत मागे जो धागा ओढत नेतो तो मी ताणून धरला. त्यासाठी एक युक्ती सांगते. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्यावेत आणि मगच मागचा धागा पुढे न्यावा. एका रंगाचे सलग पाचांहून जास्त टाके असतील तर मध्ये एकदा धागे अडकवून घ्यावेत. म्हणजे वीण चुरगळत नाही आणि मुलांची बोटेही आतल्या धाग्यांत अडकत नाहीत.

तर ती टोपी मुलाला घट्ट झाली. 'धुतली की सैल होईल' म्हणून एका रविवारी, पाहुणे यायचे होते त्या गडबडीत, मी ती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकली. गरम पाण्याच्या फेऱ्यात. ही तिसरी चूक, आणि सगळ्यांत मोठी. बाहेर आली ती नारळाच्या करवंटीएवढी, जाड, टणक. वीण दिसेनाशी झाली होती. फुलाचे नुसते काळपट डाग उरलेले.

असे का होते? लोकरीच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. एकदा आटलेली लोकर उसवताही येत नाही. ॲक्रिलिकला यातले काही होत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. खरी लोकर थंड किंवा अगदी कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात, न चोळता नुसती दाबून धुवावी. पिळू नये, जाड टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. आपल्या उन्हात तर मुळीच नाही. आणि घेतलेली लोकर खरी की भेसळ, याची शंका असेल तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्याचा वास येऊन राख चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

दोन दिवस मी त्या टोपीकडे पाहिलेही नाही. मग नणंदेने फोनवर एक गोष्ट सांगितली, बहुधा माझे मन राखायला. उत्तर स्वीडनमध्ये लोविक्का नावाचे गाव आहे. तिथल्या एरिका आइतामा या बाईंकडे १८९२ साली एकाने खूप टिकतील असे हातमोजे मागितले. त्यांनी जाड धाग्याचे विणून दिले, ते त्याला आवडले नाहीत. बाईंनी ते धुऊन, घासून, मऊसूत लव काढली, आणि लोविक्काचे हातमोजे म्हणून ते नावारूपाला आले. माझ्या टोपीचे काही नाव झाले नाही. उभी कापली, दोन चौकोन केले, आता गरम कढई उतरवायला वापरते. चटका अजिबात लागत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे!

उरली ती तीन पांढरे गुंडे, एक कोळशाच्या रंगाचा, एक लाल. अडीचशे ग्रॅम. ती पिशवी घेऊन डिसेंबरात मी धुळ्याला गेले.

जळगावहून धुळे एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने. खानदेश म्हणजे फक्त उन्हाळा, असे ज्यांना वाटते त्यांनी डिसेंबरात पहाटे धुळ्याच्या बसस्थानकावर उतरून बघावे. पारा सहा-सात अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. पारोळ्याच्या पुढे रस्त्याकडेला मेंढ्यांचा मोठा कळप दिसला. साक्रीकडचे ठेलारी धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन निघतात; शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात. माझ्या मांडीवर नॉर्वेच्या मेंढीची लोकर, पाचशे रुपयांना गुंडा, आणि खिडकीबाहेर आमच्याच मातीतल्या मेंढ्या. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिच्या घोंगड्या होतात, सनगर त्यांना चिंचोक्याची खळ लावतात. पण आता घोंगडी घेतो कोण? लोकरीला भाव नाही म्हणून धनगरांना ती टाकूनही द्यावी लागते. नॉर्वेची लोकर तरी कुठे लोण्यासारखी मऊ आहे? टोचतेच ती. पण त्यांनी ती टोचणारी लोकर स्वतः अंगावर घातली, मुलांना घातली, आणि मग जगाला विकली. आम्ही घोंगडी देवघरापुरती ठेवली. मीही त्या 'आम्ही'त आलेच. आईच्या घरची घोंगडी गेली कित्येक वर्षे मी पांघरलेली नाही.

आईने गुंडे हातात घेतले. नाकाशी नेले. "मेंढीचाच वास गं," म्हणाली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी सुई तिच्या हातात दिली. तिने टाके घातले, दोन ओळी विणल्या, आणि सुई खाली ठेवली. "माझ्याच्यानं नाही होत. तू विण, मी बघते."

मोजमाप केले. आईची छाती ३६ इंच, म्हणजे साधारण ९२ सेंटिमीटर. सैलपणासाठी सहा धरले, ९८ झाले. पुढच्या भागाला ४९ सेंटिमीटर. या वेळी आईने तुकडा विणून घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही, आणि धागा सैल धरायला लावला. दहा सेंटिमीटरला बरोबर २२ टाके आले. म्हणजे पुढच्या भागाला १०८. तीन पांढऱ्या गुंड्यांत पुढचा भाग होणार, कोळशाच्या रंगात पट्ट्या. पण पाठ? पाठीला लोकरच नाही. जळगाव-धुळ्यात तशी मिळणार नाही, आणि ॲक्रिलिक जोडले तर धुतल्यावर एक भाग आटेल, दुसरा तसाच राहील.

आई उठली आणि आतल्या खोलीतून नानांचा स्वेटर घेऊन आली.

माझे वडील धुळे आगारात एसटीचे कंडक्टर होते. पहाटेच्या पहिल्या गाडीची ड्यूटी असे. आईने १९७८च्या हिवाळ्यात, लग्नानंतरच्या पहिल्याच, हा चॉकलेटी स्वेटर विणला. आग्रा रोडवरच्या दुकानातून आणलेली कानपूरच्या लाल इमलीची लोकर. त्या गिरणीचे उत्पादनही कित्येक वर्षांपासून बंद. नाना २०१९ साली गेले. स्वेटर ट्रंकेत होता. डांबरगोळ्या घालूनही कोपरापाशी कसर लागलेली.

"उसव," आई म्हणाली.

मला धीर होईना. मी म्हटले, "राहू दे ना आई, नानांची आठवण आहे." तर म्हणते कशी, "मग कसर खातेय ती कुणाची आठवण आहे?"

तिनेच बाहीची शिवण शोधून दिली. नजर अधू, पण बोटांनी अचूक सापडली. स्वेटर खालून वर विणलेला असेल तर वरून, गळ्याकडून उसवावा लागतो, हे लक्षात ठेवा. आधी शिवणी सोडवून भाग वेगळे करायचे, मग टोक मोकळे करायचे. निघालेला कुरळा धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट रिठ्याच्या पाण्यातून काढली आणि तांब्याचे वजन लावून सावलीत टांगली. दुसऱ्या दिवशी धागा सरळ. कसरीने तुटलेली टोके जोडायला गाठी मारू नका. दोन्ही टोकांचे पदर उकलून एकमेकांवर ठेवायचे, किंचित ओले करायचे आणि तळहातांवर जोरात चोळायचे. ज्या खवल्यांनी माझी टोपी बिघडवली तेच इथे कामाला येतात. सांधा दिसतही नाही. खऱ्या लोकरीलाच हे जमते.

नानांची लोकर बारीक होती म्हणून दोन पदर एकत्र घेऊन विणले. दहा सेंटिमीटरला २१ टाके आले, तेव्हा पाठीला १०४ घातले. दोन पदरांतले सांधे एकाच जागी येऊ दिले नाहीत. आई शेजारी बसून बघत होती, मधूनच हात लावून बघायची. एकदा मी पंधरा ओळी पुढे गेल्यावर म्हणाली, "खाली एक टाका उलट पडलाय." पडला होता. क्रोशाच्या सुईने तेवढाच टाका खालपर्यंत सोडून वर आणला.

पुण्याला माझ्या भावाला कळले तेव्हा तो फोनवर फार रागावला. "नानांचा स्वेटर उसवलास? विचारलं तरी होतंस का मला?" खरेच, विचारले नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हते. आईने फोन घेतला आणि म्हणाली, "तुला हवा होता तर पाच वर्षं ट्रंकेत का ठेवलास? येऊन बघ." त्यानंतर पंधरा दिवस त्याचा फोन नाही. मलाही रात्री वाटायचे, घाई तर नाही ना झाली? उसवलेले पुन्हा तसेच विणता येते, पण नानांच्या कोपरांचा बाक काही धाग्यात परत येणार नव्हता.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, बंडी पुरी झाली. पुढून पांढरी, पाठीमागून चॉकलेटी, काखेला आणि गळ्याला कोळशाची पट्टी. आईने लुगड्यावर चढवली. "टोचतंय," म्हणाली. मी म्हटले, "आत ब्लाउज जाड घाल." संध्याकाळी काढ म्हटले तर काढेना.

संक्रांतीला भाऊ आला. त्याने काही म्हटले नाही. आई चहा ठेवायला वळली तेव्हा त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. रात्री निघताना मला विचारले, "त्यातली काही उरलीय का गं?"

उरली होती. काट्यावर ठेवली, साठेक ग्रॅम भरली. माझ्याकडचा लाल गुंडा पन्नासचा. आईने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "मफलर होईल. दोन सुलट, दोन उलट. पण आधी तुकडा विण."